ओढ्याची रेघ, सरहद्दीची रुंदी

म्योडलारॉइटला जाणाऱ्याने उंच डोंगर, किल्ला किंवा प्राचीन चर्च यांची अपेक्षा ठेवू नये. बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, होफ शहरापासून जवळ, चढउतारांच्या शेतांमध्ये वसलेली ही चाळीस-पन्नास माणसांची वस्ती आहे. मधून टानबाख वाहतो. नाव भारदस्त असले तरी तो एक ओढाच आहे. एका काठावरचे गाव थुरिंगिया राज्यात गेफेलच्या हद्दीत येते, दुसऱ्या काठावरचे बव्हेरियात ट्योपेनच्या. १९४९ ते १९९० या काळात हे दोन काठ दोन देशांत होते. १९६६ पासून त्यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत उभी होती, आणि अमेरिकन सैनिक या खेड्याला 'छोटे बर्लिन' म्हणत. आता तिथे भिंतीचा राखून ठेवलेला तुकडा, टेहळणी मनोरा आणि एक संग्रहालय आहे. गावाबाहेर दोन्ही दिशांना जुन्या सरहद्दीच्या कडेने पायवाटा निघतात. दोन जर्मनींमधल्या १३९३ किलोमीटर लांबीच्या सरहद्दीचे पुढे जे संरक्षित रान झाले, त्या 'हिरव्या पट्ट्या'चा हा एक दुवा. या पट्ट्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकाच चालीवर सांगितली जाते: माणसाने सरहद्द आखली, माणूस तिथून हटला, आणि निसर्गाने ती जागा परत घेतली. ऐकायला ही गोष्ट फार गोड आहे. पण म्योडलारॉइटच्या परिसरात पायी हिंडताना जे डोळ्यांसमोर येते, ते तिला दुजोरा देत नाही. माझे म्हणणे असे की हा पट्टा बंदोबस्ताने घडवला आहे, निसर्गाने तो आपणहून घडवलेला नाही. म्हणूनच पक्ष्यांसाठी असो वा इतिहासासाठी, तो मुद्दाम उघडा आणि चालायला थोडा गैरसोयीचा ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

मुळात या ओढ्यावरची हद्द शीतयुद्धातून जन्मलेली नाही. १८१० मध्ये हा भाग बव्हेरियाच्या राज्याकडे आला आणि पलीकडे रॉइस घराण्याचे संस्थान राहिले, तेव्हा टानबाखच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. एका राज्याची अक्षरे एका अंगाला, दुसऱ्याची दुसऱ्या अंगाला. यातले काही दगड अजूनही जागेवर आहेत. म्हणजे हे गाव दोन राज्यांत विभागले गेले त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली, आणि त्यातली पहिली सुमारे एकशे पस्तीस वर्षे या विभागणीने कुणाचेच अडले नाही. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला होते, चर्चसाठी सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जात. कर वेगवेगळ्या तिजोऱ्यांत भरला जाई, पण मुले एका वर्गात बसत आणि बाप एका टेबलावर बिअर पीत. या मुलखात हद्द आणि वाट यांचे वैर नव्हतेच. इथून पश्चिमेला ब्लांकेनश्टाइनपाशी रेनश्टाइग ही सुमारे १७० किलोमीटरची प्रसिद्ध डोंगरवाट संपते. तीही जुन्या संस्थानांच्या हद्दी धरून चालणारी वाट आहे, तिच्या कडेला शेकडो हद्दीचे दगड आहेत. हद्द म्हणजे लोक जिच्या काठाकाठाने चालतात आणि हवी तेव्हा ओलांडतात अशी एक रेघ, असाच इथला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता. रेघेला लांबी असते, रुंदी नसते. पुढचा सगळा अनर्थ या रेघेला रुंदी देण्यातून झाला.

१९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकन फौजा थुरिंगियातून मागे गेल्या, सोव्हिएत फौजा आल्या, आणि टानबाख दोन लष्करी विभागांमधली हद्द झाला. तरीही काही वर्षे परवाना दाखवून ये-जा चालू होती. निर्णायक तारीख आहे २६ मे १९५२. त्या दिवशी पूर्व जर्मन सरकारने सरहद्दीचा नवा बंदोबस्त जाहीर केला: अगदी कडेला दहा मीटरचा मोकळा केलेला पट्टा, त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षक पट्टा, त्यामागे पाच किलोमीटरचा निर्बंधित प्रदेश. कागदावरची रेघ एका फटक्यात पाच किलोमीटर रुंद झाली. त्या रुंदीत राहणाऱ्यांपैकी जे 'भरवशाचे नाहीत' असे ठरले, त्यांना जूनमध्ये ट्रकांत भरून आतल्या भागात हलवण्यात आले. थुरिंगियातल्या या मोहिमेला कारभाराने आपल्या कागदांत दिलेले नाव होते 'किडे-ढेकूण मोहीम'. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर दुसरी मोहीम झाली, आणि दोन्ही मिळून सुमारे बारा हजार माणसे आपल्या घरादाराला मुकली. म्योडलारॉइटमध्ये आधी पुरुषभर उंचीचे फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये सातशे मीटर लांब, ३.३ मीटर उंच भिंत. ओढ्याला खेटून असलेली काही घरे पाडली गेली. काही ठिकाणी तर अख्खी गावे गेली. थुरिंगियाच्या दक्षिण टोकाला बिलमुटहाउझेन नावाचे खेडे होते. १९६५ मध्ये त्याचे चर्च पाडले, १९७८ मध्ये शेवटचे कुटुंब बाहेर काढले आणि उरलेली घरे भुईसपाट केली. आज तिथे दफनभूमी आणि एक स्मारक आहे.

हा इतिहास पुस्तकातही वाचता येतो. मग त्यासाठी पायपीट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरहद्दीवरच्या खंदकात आहे. गस्तीच्या रस्त्यापुढे सहा मीटर रुंदीचा पट्टा वखरून भुसभुशीत ठेवलेला असे, पाऊल पडले तर उमटावे म्हणून. त्याच्या पुढे वाहने अडवण्यासाठी खणलेला खंदक. तो नीट पाहिला तर त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. पूर्व जर्मनीकडची बाजू हळूहळू उतरते. पश्चिमेकडची बाजू उभी आहे आणि तिला काँक्रीटच्या लाद्या लावल्या आहेत. पश्चिमेकडून येणारे वाहन या खंदकात उतरून पलीकडच्या उतारावरून बाहेर पडू शकले असते. पूर्वेकडून सुसाट येणारा ट्रक मात्र त्या उभ्या लाद्यांवर आपटून थांबला असता. पूर्व जर्मन सरकार या सगळ्याला फॅसिस्टांपासून बचाव करणारा तट म्हणत असे. पण स्थापत्य खोटे बोलत नाही. पुढचे जाळीचे कुंपणही तसेच: जाळी इतकी बारीक की बोटांची पकड बसू नये. १९७० नंतरच्या वर्षांत त्या कुंपणावर बसवलेली आपोआप गोळीबार करणारी यंत्रे होती ती आतल्या अंगाला. ही यंत्रे १९८४ पर्यंत काढली गेली, पण खंदकाचा उतार अजून त्याच दिशेला आहे. या जमिनीवरून पार होणे किती दुरापास्त होते, याची साक्ष याच परिसरातली एक घटना देते. १६ सप्टेंबर १९७९ च्या पहाटे थुरिंगियातली दोन कुटुंबे, एकूण आठ माणसे, घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून बव्हेरियातल्या नायलाजवळ उतरली. जमिनीवरचा मार्ग इतका बंद होता की आकाश सोपे वाटले. एखादा आराखडा हे सगळे सांगू शकतो, पण खंदकाच्या मऊ बाजूने उतरून समोरच्या उभ्या बाजूपाशी थबकणारे पाऊल त्याचा पुरावा स्वतः तपासून घेते.

आता निसर्गाची बाजू. १९७० च्या दशकात कोबुर्गच्या परिसरातला काय फ्रोबेल हा तरुण पक्षीनिरीक्षक सरहद्दीकडेच्या पक्ष्यांच्या नोंदी करत होता. त्याला आढळले की आपल्याकडच्या गप्पीदासाचा भाऊबंद असलेला ब्राउनकेलशेन हा चिमुकला पक्षी आसपासच्या शेतांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि त्याची बहुतेक घरटी कुंपणालगतच्या पट्ट्यात आहेत. पश्चिमेत खते, औषधे आणि यंत्रांनी कुरणे गिळली होती; पूर्वेत सामुदायिक शेतीची अवाढव्य क्षेत्रे झाली होती. मधल्या पन्नास ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात मात्र नांगर, खत, गुरे यांतले काहीच येत नव्हते. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. त्यानंतर बरोबर महिन्याने, ९ डिसेंबरला, होफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे चारशे निसर्गअभ्यासक एकत्र जमले आणि या पट्ट्याला 'हिरवा पट्टा' म्हणून जपावे असा ठराव त्यांनी केला. योगायोग असा की त्याच दिवशी, तिथून काही किलोमीटरवर, म्योडलारॉइटच्या भिंतीत पायी जाणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. एकाच दिवशी एकाच परगण्यात दोन मागण्या पुढे आल्या: इथून जाऊ द्या, आणि इथले राखा. तेव्हापासून या दोन मागण्यांची सांगड कशी घालायची हाच या वाटांचा खरा प्रश्न आहे. पट्ट्यात आज बाराशेहून अधिक दुर्मीळ किंवा धोक्यातल्या जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि थुरिंगियाने आपल्या वाट्याचा ७६३ किलोमीटरचा भाग २०१८ मध्ये राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून घोषित केला.

इथेच त्या गोड गोष्टीची गफलत उघडी पडते. माणूस हटला आणि निसर्ग परतला, हे खरे असते तर पट्ट्यात आज घनदाट अरण्य हवे होते. मध्य युरोपातली जमीन मोकळी सोडली की आधी झुडपे येतात, मग बर्च आणि पाइन, आणि काही दशकांत जंगल उभे राहते. पण इथली समृद्धी जंगलाची नव्हे. ती आहे उघड्या माळाची, खुरट्या झुडपांची, ओलसर कुरणांची. पट्टा उघडा राहिला तो पहारेकऱ्यांना नजर आणि नेम लांबवर पोहोचवायचा होता म्हणून. त्यासाठी सैनिक झाडे तोडत, गवत कापत, काही ठिकाणी तणनाशके फवारत. ब्राउनकेलशेन पक्ष्याला टेहळायला उंच दांडा लागतो. तो त्याला सरहद्दीच्या खुंटांत आणि कुंपणाच्या खांबांत मिळाला. त्याची भरभराट ही गोळीबाराच्या सोयीचे उपफळ होती. १९९० नंतर बंदोबस्त उठला तेव्हा अनेक ठिकाणी पट्टा झाडोऱ्याने भरू लागला आणि उघड्या माळावर जगणारे जीव अडचणीत आले. म्हणून आता निसर्गसंस्था आणि राज्यांच्या यंत्रणा मेंढ्या आणि गुरे चारून, झुडपे तोडून तो मोकळा ठेवतात. ही गोष्ट अवघड आहे, पण तिच्यापासून तोंड फिरवण्यात अर्थ नाही. आजचा संवर्धक बाह्यतः तेच काम करतो जे पहारेकरी करत होता. हेतू मात्र उलट आहे. आणि माझ्या युक्तिवादाचा कणा इथेच आहे. पक्ष्यासाठी जे करावे लागते तेच स्मरणासाठीही करावे लागते. झाडोरा वाढू दिला तर पक्षी जातो, आणि त्याच्याबरोबर सरहद्दीची रुंदीही दिसेनाशी होते. जंगलात खंदक हा केवळ एक खड्डा उरतो.

याला पहिला आक्षेप जमिनीच्या मालकांचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्यांच्या बापजाद्यांना १९५२ मध्ये हाकलले, ज्यांच्या शेतातून खंदक गेला, त्यांना ती जमीन परत हवी असणार, तिथे मका लावायचा असणार. एकदा सरहद्दीच्या नावाखाली गेलेली जमीन आता पक्ष्यांच्या नावाखाली अडवायची, हा दुसरा अन्याय नाही का? १९९६ च्या कायद्याने मूळ मालकांना ही जमीन बाजारभावाच्या चौथाई किमतीत विकत घ्यायची मुभा मिळाली. आपलीच जमीन पैसे देऊन सोडवावी लागणे अनेकांना अपमानास्पद वाटले, आणि ते वाटणे स्वाभाविक होते. माझे उत्तर असे की या अन्यायाची भरपाई पैशाने, पर्यायी जमिनीने आणि चराईच्या करारांनी व्हायला हवी, आणि जिथे ती झाली नाही तिथे ती मागितलीच पाहिजे. पण खंदक बुजवून, लाद्या उखडून तिथे नांगर फिरवला तर मालकाला शेत मिळते आणि त्याच्या तक्रारीचा पुरावा नष्ट होतो. शिवाय पट्ट्यावर चरणारी गुरे आणि मेंढ्या स्थानिक शेतकऱ्यांच्याच असू शकतात. त्यात मक्याइतके उत्पन्न नाही हे मान्य. पण सरकारांनी जर हा पट्टा सगळ्यांचा वारसा म्हणून जाहीर केला असेल, तर त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी? ती सगळ्यांनीच मोजायला हवी.

दुसरा आक्षेप म्हणतो की जखम भरू द्या, गावाला विसरण्याचा हक्क आहे. चाळीस-पन्नास माणसांच्या वस्तीने आयुष्यभर प्रदर्शनातली वस्तू म्हणून का जगावे? या आक्षेपामागे खरा अनुभव आहे, कारण म्योडलारॉइट हे भिंत उभी असतानाच प्रेक्षणीय स्थळ झाले होते. पश्चिमेकडून बसेस येत. १९८३ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे अमेरिकेचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेले. पश्चिमेकडचा पाहुणा भिंतीपलीकडे हात हलवू शकत होता, पूर्वेकडच्याला उत्तरादाखल हात हलवायलाही बंदी होती. ती नजर एकतर्फी होती. पाहणारा पाहून घरी जाई. पण मला वाटते, पायवाट नेमकी याच्या उलट काम करते. चौथऱ्यावर उभा राहून पाहणारा एकाच बाजूचा असतो. या पट्ट्यावर चालणारा दिवसभरात अनेकदा या राज्यातून त्या राज्यात जातो, आणि बहुतेकदा त्याला ते कळतही नाही. गावालाही आपली दुभागणी पुसून टाकायची आहे असे दिसत नाही. आजही तिथे दोन पिनकोड आहेत, दोन पालिका आहेत. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुट्टी थुरिंगियाच्या काठावर, तर दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी बव्हेरियाच्या काठावर असते. १८१० मधल्यासारखी रेघ परत आली आहे, आणि ती कुणाला बोचत नाही. हद्द असणे हे दुखणे कधीच नव्हते, तिला रुंदी देणे हे दुखणे होते. हा फरक कळायला उघडा पट्टा आणि आजचा निवांत ओढा, दोन्ही एकाच फेरीत पाहावे लागतात. विसरण्याने तो फरकच पुसला जाईल.

तिसरा आक्षेप उलट टोकाकडून येतो. ज्या रस्त्यावरून सशस्त्र गस्त फिरत होती, जिथे माणसे गोळ्यांनी आणि सुरुंगांनी मेली, तिथे पाठीवर सॅक टाकून, डबा उघडून, फोटो काढत फिरायचे हे निर्लज्जपणाचे नाही का? सरहद्दीवर सुमारे तेरा लाख सुरुंग पेरले गेले होते, आणि १९९० नंतर पुन्हा जमीन तपासण्याचे काम १९९५ पर्यंत चालले. थुरिंगियात काही ठिकाणी अजूनही वाट सोडून जाऊ नका अशा पाट्या आहेत. अशा जागी सहलीचा सूर लागू नये, हे मला पटते. पण त्याचा उपाय वाट बंद करणे हा नाही, ती फार गुळगुळीत न करणे हा आहे. गस्तीचा जुना रस्ता म्हणजे समांतर टाकलेल्या काँक्रीटच्या लाद्यांच्या दोन ओळी. प्रत्येक लादीला ओळीने भोके आहेत आणि त्यांतून गवत उगवलेले आहे. माणसाच्या पावलासाठी हा रस्ता केलाच नव्हता, तो वाहनांसाठी होता. लाद्यांचा आणि ढांगेचा मेळ बसत नाही, भोकांत टाच अडकते, थोड्या वेळाने घोटे दुखू लागतात. पर्यटनवाढीसाठी या लाद्या काढून तिथे खडीचा किंवा डांबराचा सोयीचा मार्ग करावा अशी मागणी अधूनमधून होते, आणि काही ठिकाणी लाद्या गेल्याही आहेत. या मागणीला माझा विरोध आहे. सायकलवाल्यांसाठी आणि ज्यांना अशा जागी चालणे जमत नाही त्यांच्यासाठी शेजारून वेगळी वाट काढता येते, आणि काढायलाच हवी. लाद्या मात्र जागच्या जागी राहू द्याव्यात, कारण त्या चालणाऱ्याला सतत आठवण देतात की हा रस्ता तुझ्यासाठी नव्हता.

बिलमुटहाउझेनशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. तिथे गाव उरले नाही, म्हणून ते काय होते हे स्मारकाच्या पाटीला सांगावे लागते. म्योडलारॉइटला भिंतीचा तुकडा राखला गेला, कारण १९९० मध्ये उरलेली भिंत पाडली जात असतानाच स्थानिक लोकांनी संग्रहालयाची मागणी लावून धरली. भिंत पूर्ण पाडली असती तर आनंदाच्या भरात ते कुणाला गैर वाटले नसते. पण मग आज ओढ्याकाठी फक्त हिरवळ असती, आणि तिथली शांतता आपोआप आलेली वाटली असती. हाच नियम पट्ट्याच्या प्रत्येक किलोमीटरला लागू आहे. जिथे काहीतरी अवघड राखले आहे तिथे वाटच बोलते. जिथे सगळे साफ केले आहे तिथे पाटी लावावी लागते, आणि पाटी वाचणारे थोडेच.

म्हणून या भागात भटकायला जाणाऱ्याला माझा एकच आग्रह आहे, आणि तो दिशेबद्दलचा आहे. बहुतेक लोक होफकडून, म्हणजे बव्हेरियाच्या बाजूने येतात, भिंतीपाशी गाडी उभी करतात आणि भिंत पाहून मग मागचा बंदोबस्त पाहतात. या क्रमाने भिंत ही मुख्य गोष्ट वाटते आणि बाकीचे तिचे परिशिष्ट. उलट दिशा घ्यावी. थुरिंगियातल्या गेफेलच्या अंगाने पायी निघावे, शेते पार करत यावे, जिथून निर्बंधित प्रदेश सुरू होई तिथपासून मनाशी अडथळे मोजत यावे: परवान्याची चौकी, पाचशे मीटरची हद्द, हात लागताच चौकीला इशारा देणारे तारांचे कुंपण, लाद्यांचा रस्ता, वखरलेली माती, खंदक, आणि सर्वांत शेवटी भिंत. या क्रमाने आले की भिंत जगभर प्रसिद्ध असूनही सर्वांत क्षुल्लक अडथळा ठरते, कारण तिच्यापर्यंत पोहोचू शकलेला माणूस जवळजवळ पार झालेला असे. ज्याला पळून जायचे होते त्याच्यासाठी सरहद्द आपल्या घराच्या उंबऱ्यापासूनच सुरू होत होती, आणि हे समजायला त्याच्याच दिशेने चालावे लागते.